सुंठीच्या घराले ओळंबा

भवाली, १८ नोव्हेंबर २०२४

हर्षाताई,

पाकिटावरचं नाव पाहून फाडू नको. आधी वाच, मग फाड. फाडायले काही वेळ लागत नाही.

फोन तू उचलत नाही. माझा नंबर तर बंदच करून ठेवला. दिवाळीत मी इथं सोबत काम करणाऱ्या दीवानसिंगच्या फोनवरून लावला, तर मी "हॅलो" म्हटलं आणि तू कट केला. एका हॅलोत ओळखलं, म्हणजे आवाज तरी ध्यानात आहे. म्हणून आता चिठ्ठी. शाळेत पत्रलेखन पाच मार्काचं राहायचं आणि मी ते दरवेळी सोडून द्यायचो. सहावीनंतर शाळाच सोडली. ते पाच मार्क आता भरून काढून राहिलो समज.

आईनं सांगितलं की डिसेंबरात तुले सातवा लागते. सांगून टाकलं आणि मग म्हणे, "मी सांगितलं असं सांगू नको गा." मी सांगून बसलो, तर तिच्यावर चिडू नको. आईसोबत दर रविवारी बोलतो. बाबा मागे खोकलताना ऐकू येते. फोनवर येत नाही.

मी कुठं आहे ते तुले माहीत नसेल. नागपुरातून, आपल्या वाठोड्यातून निघालो तो सुरतले गेलो. तिथून हैदराबाद, मग एका ट्रकवर हल्द्वानी. कुठंच पाच महिन्यांच्या वर टिकलो नाही, तू म्हणायची तसा, बुडाखाली भवरा आहे माझ्या. भवाली म्हणजे नैनितालच्या अलीकडचं गाव. इथं एका बेकरीत चौदा महिने झाले. काहून टिकलो म्हणशील, तर थंडी भल्ली पडते आणि भट्टीपाशी उभं राहाले मिळते. दुसरं काही कारण नाही.

काम सांगतो. मागच्या डिसेंबरात इथल्या एका हॉटेलवाल्यानं बिस्किटाचं घर मागितलं. ख्रिसमसले ठेवतात. मैद्यात गूळ, लोणी, सुंठ, दालचिनी, लवंग टाकून जाड बिस्किटं भाजायची, त्याच्या भिंती, त्याचंच छप्पर, आणि वर पिठीसाखरेचं बर्फ. जिंजरब्रेड हाऊस म्हणतात. आमची मालकीण प्रेमलता आंटी. तिनं सगळ्यांले विचारलं, कोणाले जमते. मी म्हटलं, "मेरा बाप मिस्त्री है, घर तो मैं सोते में खड़ा कर दूं." तिनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं आणि म्हणे, "ठीक है ठेकेदार." तेव्हापासून सगळे मले ठेकेदारच म्हणतात.

आता आपल्या घरातलं पोट्टं काय चूक करेल ते ऐक. भिंती चिकटवायचा मसाला म्हणजे अंड्यातलं पांढरं आणि पिठीसाखर, घट्ट फेटलेली. वाळली की दगड होते. मी संध्याकाळी चारही भिंती उभ्या केल्या, कोपरे भरले. आणि बाबानं लहानपणापासून कानात काय भरलं? भिंत उभी झाली की तराई. तराई नाही तर भिंत नाही. आपण शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आधी बादली उचलायचो. तर मी सांध्या-सांध्याले ओली फडकी गुंडाळली, वरून पाणी शिंपडलं आणि समाधानानं घरी गेलो.

सकाळी येतो तर ताटात लापशी. दरवाजा तेवढा ओळखू येत होता.

प्रेमलता आंटी कमरेवर हात ठेवून उभी. "ठेकेदार, इसको पानी किसने पिलाया?"

मी म्हटलं, "तराई किया था."

ती हसली नाही. दीवानसिंग एवढा हसला की पिठाच्या पोत्यावर बसला. मग तिनं समजावलं, साखरेले पाणी नाही, कोरडं लागते, सिमेंटच्या उलटं. दुसरं घर मी भिंतीले ओळंबा लावून, कोपऱ्याले गुण्या लावून उभं केलं. तीन दिवस हॉटेलात राह्यलं. लोकांनी त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढले.

हे सहज लिहिलं. काही मागायचं नाही. उत्तर नाही दिलं तरी चालते. पत्ता मागं आहे.

गोलू


भवाली, २७ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटतही नव्हतं.

आज एक डबा स्पीड पोस्टानं पाठवला, तुझ्या गांधीबागच्या पत्त्यावर. ही चिठ्ठी साध्या टपालानं टाकून राहिलो. डबा आला की उघडू नको. आधी हलव आणि ओळख.

भुलाबाईचं आठवते का? तुम्ही पोरी गाणे म्हणायच्या आणि शेवटी ज्या घरची खिरापत ती बाई डबा वाजवून दाखवे, बाकीच्यांनी ओळखायचं. शेंगदाण्याचा आवाज वेगळा, फुटाण्याचा वेगळा. मी तुमच्यात एकटा पोट्टा, आणि आईच्या डब्यात काय आहे ते समोरच्या पोरींले आधीच सांगून यायचो. तू मले घरभेद्या म्हणायची. लाडू असला की आवाजच येत नव्हता, सगळ्या हरत होत्या. तसा हलव. पण लाडू नाही, एवढं सांगतो.

सांगूनच टाकतो, माझ्या पोटात राहत नाही. आपलं वाठोड्याचं घर आहे. बिस्किटाचं. सुटं आहे, तुकडे करून पाठवलं, वाठोड्याले नेऊन उभं करायचं. माप माझ्या डोक्यात होतंच. पुढची खोली दहा बाय दहा, आतली दहा बाय बारा, एका फुटाले एक सेंटिमीटर धरलं. पुठ्ठ्याचे साचे कापले. पीठ लाटलं, सगळीकडे सारखं जाड राहावं म्हणून दोन्हीकडे पट्ट्या ठेवल्या, बाबा फरशीच्या वेळी ठेवते तशा. भट्टीत बिस्किट फुगून पसरते, म्हणून गरम असतानाच कडा पट्टी लावून पुन्हा कापाव्या लागतात. थंड झालं की कापलं जात नाही, तुटते. बोटं भाजली दोन. खिडकीले जागा ठेवून त्यात हिरव्या गोळ्या कुटून भरल्या, त्या वितळून काच झाली. आपल्या खिडकीची काच हिरवीच होती ना, तूच म्हणायची की हिरव्या काचेतून समोरच्या मास्तरची बायको आजारी दिसते.

छपराले टिन पाहिजे. तर नवीन कंगवा विकत आणला आणि कच्च्या पिठावर ओढला. सरळ नाल्या पडल्या. दीवानसिंग म्हणे, "छत है या किसी के बाल?" पण तुले पाह्यल्याबरोबर समजेल.

उभं करायची रीत. चार दिवसांनी मार्गशीर्ष लागते, आई अंडं घरात येऊ देणार नाही, म्हणून अंड्याचा मसाला सांगत नाही. कढईत नुसती साखर वितळव, पाणी नाही, तपकिरी होईस्तोवर. भिंतीची कड त्यात बुडवायची आणि लगेच जागेवर ठेवायची. ते क्षणात पकडते, मग हलवता येत नाही, म्हणून पहिल्यांदाच सरळ बसली पाहिजे. चटका भल्ला लागते. तू हात लावू नको. बाबाले सांग. भिंतीले आतून पेले ठेवून टेका द्या. छप्पर दुसऱ्या दिवशी. सेंट्रिंग आणि स्लॅब एकाच दिवशी होत नाही, तुले माहीत आहे.

तुकड्यांवर आतल्या अंगानं सुईनं नंबर टोचले आहेत. भिंती अकरा आहेत. बारावी नाही. तिसऱ्या खोलीची पूर्वेकडची भिंत मी भाजली नाही. आई म्हणते तिथं अजून टिनाचा पत्राच उभा आहे. बाबानं जी ठेवली नाही ती मी काहून भाजू.

गोलू


भवाली, ७ डिसेंबर

ताई,

डबा परत आला. वर लाल पेनानं लिहिलं आहे, घेण्यास नकार.

हलवून पाह्यला. उघडायची गरजच नव्हती.

प्रेमलता आंटीनं चूर चाळून चहात बुडवला आणि म्हणे, सुंठ बरोबर पडली आहे. आम्ही चौघांनी तुझं माहेर खाल्लं. छप्पर दीवानसिंगनं खाल्लं.

चांगलं केलं तू. मीही काही चिठ्ठ्या लिहायले बसलो नाही इथं. हॉटेलचं घर या वर्षी दुप्पट मोठं आहे, काम आहे मले.

गोलू


भवाली, ८ डिसेंबर

ताई,

कालची चिठ्ठी पेटीत टाकून झाली, आता परत काढता येत नाही. ही स्पीड पोस्टानं टाकतो म्हणजे दोन्ही सोबत मिळतील. आधी ही वाच.

एक गोष्ट लिहायची होती ती पहिल्या चिठ्ठीत लिहिली नाही, दुसरीतही नाही. अकरा भिंतींचं एवढं लिहिलं आणि बारावीचं खोटंच लिहिलं.

तुझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी, पाहुण्यांसाठी तिसरी खोली उठवायची होती. बाबा दुसऱ्या साइटवर होता. मी एकट्यानं पूर्वेची भिंत एका दिवसात लिंटलपर्यंत, दाराच्या डोक्याएवढी, नेली. संध्याकाळी बाबा आला, सोबत तुझा सासरा, मोठे काका, आणखी दोघंतिघं. मांडवाची जागा पाहाले आले होते. बाबानं मागे सरून एक डोळा मिटून पाह्यलं. मग माझ्याजवळून ओळंबा मागितला. वरून सोडला. दोरीत आणि भिंतीत खाली दोन बोटं जागा. बाबानं घण घेतला आणि ओली भिंत ढकलून दिली. मग म्हणे, "भिंत बी तिरपी, पोट्टं बी तिरपं." तुझा सासरा हसला. सगळे हसले.

तू आतून धावत आली. मी तुले काय सांगितलं ते तुले आठवत असेल. मी म्हटलं, मी प्रत्येक थराले ओळंबा लावला होता, भिंत सरळच होती, बाबानं लोकांसमोर मोठेपणा दाखवायले पाडली. तू माझ्यासाठी बाबाशी भांडली. दुसऱ्या दिवशी मी निघून गेलो.

ओळंबा मी लावलाच नव्हता, ताई. दिवसभर खिशात होता. एका थराले नाही लावला. मले दाखवायचं होतं की मले डोळ्यानंच समजते, बाबासारखं दोरी सोडून टकटक पाहात बसायची गरज नाही. चार थर गेल्यावर मले समजलं होतं की भिंत बाहेर जाऊन राहिली. तेव्हा उतरवली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी वरचे थर आत ओढून सांभाळायले गेलो. तशी सांभाळली जात नाही.

बाबा बरोबर होता. लोकांसमोर पाडायले नको होती, ते अजूनही म्हणतो. पण भिंत तिरपी होती.

आणखी एक. मी लग्नाले आलो होतो. सुरतले त्यानंतर गेलो. ते आठ दिवस इतवारीत एका ओळखीच्याजवळ होतो, हातगाड्या ओढत. लग्नाच्या दिवशी लॉनच्या फाटकाच्या बाहेर पानठेल्यापाशी उभा होतो. माइकवर सगळं ऐकू येत होतं. कानपिळीले भावाले बोलवा म्हणून भटजीनं तीनदा पुकारलं. मग होमराजचं नाव घेतलं. आपल्याच काकाचा पोरगा, त्याच्यावर राग नाही. पण भटजी पहिल्यांदा पुकारत होता तेव्हा माझा एक पाय फाटकाच्या आत होता. अंगावर हातगाडीचे कपडे होते. दुसरा पाय नाही टाकला.

आता जे मागायचं नाही म्हटलं होतं ते मागतो. बाळंतपणाले तुले माहेरी आणायले कोण येणार? आई सांगत नाही. म्हणते तुमचं तुम्ही पाहा. ३१ तारखेपासून पौष लागते, त्याच्या आधीच आणतील. होमराजले पाठवणार असतील तर त्याले नाही म्हण. मी येतो. गांधीबागेतून वाठोड्याले वीस मिनिटं लागतात, मी दोन दिवस प्रवास करून येतो त्या वीस मिनिटांसाठी.

तू नाही म्हटलं तर येणार नाही. फाटकापाशी उभा राहाले आता येणार नाही.

गोलू


भवाली, १७ डिसेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. प्रेमलता आंटी म्हणे, "ठेकेदार की डाक आई है," आणि पिठाच्या हातानंच दिली. अर्धं पान पांढरं झालं आहे. तरी पाठ झाली.

तू लिहिलं की डबा माझ्या चिठ्ठीच्या आधी पोचला. पोस्टमन दारात उभा, मागं माझं नाव, तू भुलाबाईच्या सवयीनं हलवला आणि आतून विटांच्या तुकड्यांसारखं खडखड वाजलं. तुले वाटलं पाडलेल्या भिंतीचे तुकडे पाठवले यानं, डोहाळजेवणाचा अहेर म्हणून. मी वाचून आधी हसलो. मग बराच वेळ नाही हसलो. मी असं करू शकतो असं तुले वाटलं, आणि वाटण्यासारखंच वागलो आहे मी.

डबा मी स्पीड पोस्टानं टाकला आणि चिठ्ठी साध्या टपालानं. छप्पर आधी आणि भिंत नंतर.

तू लिहिलं, "तुझी खोटी भिंत अंगावर घेऊन मी बाबासोबत आठ दिवस बोलली नाही. हळद लागली तेव्हाही नाही. पाया पडताना त्याच्याकडे पाह्यलं नाही. तू जाऊन मोकळा झाला, मी कोणाले काय सांगू." याच्यावर लिहायले तीनदा पेन उचलला.

होमराजनं भाऊजींचा कान इतका हळू पिळला की लोकं म्हणाले, पिळून राहिला का कुरवाळून राहिला, हे मात्र वाचून बरं वाटलं.

माझ्या येण्याबद्दल तू हो लिहिलं नाही, नाही पण लिहिलं नाही. शेवटी फक्त एक विचारलं. "पहिल्या चिठ्ठीत तू ओळंबा लावला असं लिहिलं. बेकरीत ओळंबा कुठून आला?"

मले वाटलं होतं तुझ्या ध्यानात येणार नाही. मिस्त्रीची पोरगी तूही आहे, हे विसरलो.

बाबाचा आहे. पितळेचा, त्याच्या उस्तादाचा, खाली टोकावर चिरा असलेला. त्या संध्याकाळी भिंत पाडल्यावर बाबानं तो तिथंच रेतीवर फेकला. सकाळी मी उचलला आणि घेऊन गेलो. बाबाले झोंबावं म्हणून. आई सांगते, बाबा आता सुतळीले मोठा नट बांधून काम करते आणि कोणी विचारलं तर म्हणते, ओळंबा साइटवर हरवला. मले वाटते त्याले माहीत आहे. हरवला म्हणून तो सांगते ते माझं नाव घ्यावं लागू नये म्हणून.

सुरतले, हैदराबादले, सगळीकडे माझ्या पिशवीत होता. विकला नाही. मागच्या वर्षी बिस्किटाची भिंत उभी करताना पहिल्यांदा बाहेर काढला. एवढ्याशा भिंतीले तो जडच होते, पण दोरी तर दोरीच आहे, तिले भिंत केवढी ते काय माहीत.

मी तो पोस्टानं पाठवत नाही. हातानं द्यायची वस्तू आहे. तू बोलवलं तर आणतो, नाही बोलवलं तर होमराजच्या हातानं घेऊन जा म्हणा, मी दिल्लीपर्यंत आणून देतो.

आज दुसरा डबा पाठवला. या वेळी हलव, आवाज येणार नाही. इथल्या किराणा दुकानात दिवाळीच्या उरलेल्या लाह्या होत्या, इकडे खील म्हणतात. तीन किलो घेतल्या आणि प्रत्येक तुकड्याच्या चहूबाजूनं भरल्या. लाह्या तर तशाही मले तुझ्या ओंजळीत टाकायच्या होत्या, लग्नात, होमाच्या वेळी. त्याही होमराजनं टाकल्या असतील. या वेगळ्या समज. पाखरांले टाकू नको, चिवडा कर.

भिंती बारा आहेत. पूर्वेची मोजून, गरम असताना दोनदा कापून, थंड झाल्यावर ओळंब्याशी धरून पाह्यली. तिच्यावर नंबर टोचला नाही. ती कुठं बसते ते बाबाले माहीत आहे.

गोलू


भवाली, २३ डिसेंबर

ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी नुसता हो-हो करत होतो. मागे भट्टीचा आवाज, समोर दीवानसिंग कान देऊन उभा. तू म्हटलं, "मुका झाला काय बे?" म्हणून जे बोलायचं राह्यलं ते लिहून राहिलो. ही चिठ्ठी माझ्या मागून पोचेल. मी घरात असेन आणि पोस्टमन येईल. तेव्हा माझ्यासमोर वाचू नको.

तू सांगितलं ते मी परत परत मनात उभं करून पाहतो. काल सकाळीच तू आणि भाऊजी डबा घेऊन वाठोड्याले गेले. तू हलवला, आवाज आला नाही, आई म्हणे लाडू असतील. मग लाह्यांमधून भिंती निघाल्या आणि बाबा म्हणे, "हे काय पोरखेळ, बिस्किटाचं कोणी बांधते काय," आणि अंगणात जाऊन बसला. तू कढईत साखर वितळवली, पहिली भिंत ठेवली ती वाकडी बसली. तेव्हा बाबा उठून आला. म्हणे, "सरक वं. घराचं काम असं होते काय?" मग चष्मा मागितला. मग सुतळी आणि नट.

आई पेले देत होती टेक्याले. भाऊजी साखर हलवत होते आणि बाबा त्यांले ओरडून राहिला होता, मसाला लवकर, मसाला लवकर. गांधीबागेत दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या करणाऱ्या माणसाले बाबानं मसाला उचलणारी रेजा करून टाकलं. मले ते पाहायचं होतं.

आणि बारावी भिंत. तू म्हणे, नंबर पाहाले बाबानं तिले उलटून पाह्यलंच नाही. हातात धरून राह्यला. मग ठेवली, नट सोडला, एक डोळा मिटला. दोरी भिंतीले लागून होती. वरपासून खालपर्यंत. आईनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही. नट हलका आहे, नटावर भरवसा नाही."

मग तू म्हटलं, "थांब, बाबा काही सांगून राहिला." आणि मागून त्याचा आवाज आला, फोनपासून दूर, भिंतीले सांगितल्यासारखा. "सांग त्याले, माझा ओळंबा आणजो म्हणा. विटा उतरवल्या आहेत."

विटा कधी उतरवल्या ते तू सांगितलं नाही. मी आज सकाळी आईले विचारलं. आई म्हणे, बुधवारी. दुसरा डबा तर शनिवारी आला. म्हणजे बिस्किटाची भिंत पाहून नाही उतरवल्या. तू आठ तारखेची चिठ्ठी त्याले वाचून दाखवली असशील. दाखवली ना? मी घरभेद्या आणि तूही काही कमी नाही.

उद्या निघतो. हॉटेलचं घर आज दुपारी पोचवलं, दोन मजली, चिमणी धरून. प्रेमलता आंटीनं परवानगी दिली पण तोंड वाकडं करून. म्हणे, "ठेकेदार, जो क्रिसमस से पहले जाते हैं, वो लौटते नहीं." मी म्हटलं पाच जानेवारीले येतो. ती म्हणे, "देखेंगे." माझ्यावर भरवसा ठेवायचं तिले काही कारण नाही, पंधरा महिने म्हणजे काही फार नाही. मी माझा कंगवा भट्टीवरच्या फळीवर ठेवून दिला, छपराचा. घेऊन गेलो नाही हे तिनं पाह्यलं.

२६ ले सकाळी नागपूर. त्याच दिवशी खोदून पाया पाहतो, जुना चांगला असेल तर २७ ले भिंत. तीन दिवस तराई. या वेळी पाणी टाकायचं आहे हे माझ्या ध्यानात आहे. ३० ले सकाळी गांधीबागेत येतो तुले न्यायले. तू आतल्या खोलीतच राहा, नव्या भिंतीची ओल जाईस्तोवर.

आईले सकाळीच सांगितलं, ते बिस्किटाचं घर खाऊ नका इतक्यात. मले पाहायचं आहे. आई म्हणते मुंग्या लागून राहिल्या, तर म्हटलं, चारही बाजूनं हळद टाकून ठेव.

ओळंबा बॅगेत ठेवला नाही, शर्टाच्या खिशात आहे. जड लागते.

आणि भाऊजींले सांगून ठेव, माझी कानपिळी राह्यली आहे. होमराजसारखी नाही पिळणार.

गोलू